केबल कंपनीत पैसे टाकायचे का? आधी जॉन पेंडरची गोष्ट वाचा



गेल्या दिवाळीत झरीला घरी गेलो होतो. झरी म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यातलं माझं गाव. इकडून थोडं पुढे गेलं की गुजरात सुरू होतं. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तिथे बरीच वर्षं केबल टीव्हीचा धंदा करतो. डिश आली, मोबाइल आला, आणि त्याची कनेक्शनं कमी कमी होत गेली. आता त्याला जवळच्या तीन पाड्यांवर फायबर टाकून ब्रॉडबँड द्यायचं आहे. एकूण खर्च ९ लाख. त्यातले ४ लाख मी द्यावेत, अशी त्याची इच्छा.

४ लाख ही माझी नोकरीतली जवळजवळ सगळी शिल्लक आहे. आणि समोर कोणी बँकेचा माणूस नाही, लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा दादा आहे. नाही म्हटलं तर घरात वाईटपणा. हो म्हटलं आणि पैसे बुडाले, तरी वाईटपणाच.

मी सॉफ्टवेअर इंजिनीयर. नेटवर्क कसं चालतं ते मला कळतं, पण नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीचा हिशेब कसा वाचायचा ते कोणी शिकवलं नव्हतं. वाचायला लागलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचं नाव जॉन पेंडर. इंटरनेटच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी त्याने जगातला सगळ्यात मोठा केबल धंदा उभा केला, आणि त्याची एक केबल आपल्या मुंबईला येऊन लागली होती. आज त्याचीच गोष्ट सांगतो. मधे मधे हिशेबही समजून घेऊ.

कापडवाला माणूस केबलमध्ये कसा आला?

जॉन पेंडरचा जन्म १८१६ साली स्कॉटलंडमध्ये, व्हेल ऑफ लेव्हन या खोऱ्यात झाला. हा भाग कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होता. ग्लासगोला शिकला, कापडाच्या धंद्यात शिरला, आणि अगदी तरुण वयात एका कारखान्याचा कारभार बघायला लागला. पुढे तो मँचेस्टरला गेला. तिथून सुती कापड भारतात आणि चीनकडे पाठवायचा व्यापार त्याने केला आणि चांगला पैसा कमावला.

आता विचार करा. कापूस पिकतो अमेरिकेत आणि आपल्याकडे, कापड बनतं मँचेस्टरला, विकलं जातं मुंबई-कलकत्त्याला. पण भाव काय चाललाय हे कळायला जहाजाने पत्र यावं लागायचं. मुंबईहून लंडनला पत्र जायला तीन-चार आठवडे. म्हणजे आज आपण स्क्रीनवर जो भाव बघतो, तो त्यांना महिनाभर शिळा मिळायचा. ज्याला बातमी आधी, त्याचा फायदा. पेंडरला हे दुखणं रोजचं होतं. म्हणून १८५० च्या दशकात टेलिग्राफच्या कंपन्या निघाल्या तेव्हा त्याने त्यात पैसे घातले. तो आधी ग्राहकाच्या बाजूने विचार करत होता, आणि पुढे हेच त्याच्या कामी आलं.

पहिली केबल: सगळा पैसा पाण्यात

१८५६ मध्ये इंग्लंडमध्ये अटलांटिक टेलिग्राफ कंपनी निघाली. आयर्लंडपासून न्यू फाउंडलंडपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकायची, असा बेत. पेंडर सुरुवातीच्या भागधारकांत आणि संचालकांत होता. १८५७ चा प्रयत्न फसला. ऑगस्ट १८५८ मध्ये तार लागली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश गेला, आणि तो जायला १६ तास लागले! आजच्या भाषेत बँडविड्थ तासाला सहा शब्द. तीन-एक आठवड्यांत केबल बंद पडली. सिग्नल जात नाही म्हणून प्रचंड व्होल्टेज लावलं गेलं, आणि आधीच कमकुवत असलेलं इन्सुलेशन गेलं.

इथे पहिला धडा. केबलच्या धंद्यात सगळा मोठा खर्च आधी होतो. याला कॅपेक्स म्हणजे भांडवली खर्च म्हणतात. दुकानात माल खपला नाही तर निदान माल तरी उरतो. समुद्रात टाकलेली केबल बंद पडली तर हातात काहीच उरत नाही. रस्त्याखाली पुरलेल्या फायबरचंही थोडंफार तसंच आहे. उकरून काढायचा खर्च केबलच्या किमतीपेक्षा जास्त.

दुसरा धडा तर याहून कडक आहे. त्याच सुमारास भारताकडे येणारी केबल तांबड्या समुद्रातून टाकायला रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी निघाली. भांडवल ८ लाख पौंड. ब्रिटिश सरकारने हमी दिली की केबल चालो न चालो, भागधारकांना ५० वर्षं साडेचार टक्के मिळत राहतील. केबल टाकली आणि ती थोड्याच काळात निकामी झाली. सरकार मात्र बंद केबलसाठी दर वर्षी ३६,००० पौंड भरत राहिलं, अगदी १९०८ पर्यंत. म्हणजे भागधारक सुरक्षित, पण कंपनी शून्य, आणि भुर्दंड करदात्यांवर. तेव्हा एखाद्या कंपनीचा परतावा छान दिसला की आधी विचारा, हा पैसा ग्राहकाकडून येतोय की दुसऱ्याच कोणाच्या खिशातून?

पेंडरने खरी चलाखी कुठे केली?

१८५८ नंतर बऱ्याच जणांचा धीर सुटला. पेंडर टिकून राहिला. पण त्याने पुन्हा नुसते पैसे ओतले नाहीत. केबल का फसते ते आधी बघितलं. तार एक कंपनी बनवते, तिच्यावरचं गटापर्चाचं आवरण दुसरी, जहाज तिसऱ्याचं. बिघाड झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. आपल्याकडे नेट बंद पडल्यावर राउटरवाला लाइनवाल्याकडे आणि लाइनवाला राउटरवाल्याकडे ढकलतो, तसंच.

१८६४ मध्ये गटापर्चा कंपनी आणि ग्लास, इलियट ही केबल कंपनी एकत्र आणून टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेन्टेनन्स कंपनी उभी राहिली. पेंडर तिचा अध्यक्ष. या उभारणीसाठी त्याने अडीच लाख पौंडांची वैयक्तिक हमी देऊ केली. म्हणजे केबल बुडाली असती तर कापडात कमावलेली पुंजीही धोक्यात आली असती.

१८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न हे त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज केबल घेऊन निघालं. अर्ध्याहून जास्त अंतर गेल्यावर केबल तुटली आणि खोल समुद्रात गेली. पुन्हा पैसा उभा करायला अँग्लो-अमेरिकन टेलिग्राफ कंपनी काढली. २७ जुलै १८६६ ला केबल पलीकडे पोहोचली. एवढंच नाही, आदल्या वर्षी तुटलेली केबलही समुद्रतळावरून वर ओढून जोडली. एकाच्या जागी दोन केबल झाल्या. एक बिघडली तर दुसरी चालू. आज आपण याला रिडंडन्सी म्हणतो.

सुरुवातीचा दर २० शब्दांना २० पौंड. सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हताच. काही महिन्यांत तो निम्म्यावर आणला. कारण साधं आहे. केबल रिकामी असली तरी खर्च तेवढाच. भरलेली केबल कमी दरातही जास्त कमावते. एसटी सुटली की रिकाम्या सीटचे पैसे गेलेच, तसं हे.

त्याच वर्षी त्याला एक मोठा फटकाही बसला. टोटनेस मतदारसंघातून तो खासदार होता. मतदारांना लाच दिल्याच्या तक्रारीवरून १८६६ मध्ये त्याची निवड रद्द झाली. पुढे दुसऱ्या मतदारसंघातून तो पुन्हा संसदेत गेला. हे मुद्दाम सांगतोय. ताळेबंदातले आकडे चांगले असले म्हणजे चालवणारा माणूस धुतल्या तांदळासारखा असतो असं नाही. दोन्ही वेगवेगळं तपासावं लागतं.

आणि केबल मुंबईत आली

मुंबईत त्या काळात काय चाललं होतं? अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचं वेड लागलं. प्रेमचंद रायचंद यांचं नाव तेव्हाचंच. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि शेअरबाजार धाडकन खाली आला. कित्येक घरं बसली. बातमी आधी आली असती तर सगळे वाचले असते असं नाही, पण उशिरा येणाऱ्या बातमीची किंमत मुंबईला चांगलीच कळली.

१८७० मध्ये ब्रिटिश सरकारने देशातल्या खासगी टेलिग्राफ कंपन्या ताब्यात घेतल्या आणि भागधारकांना भरघोस मोबदला दिला. एवढा पैसा मोकळा झाला, तो कुठे तरी जाणारच होता. पेंडरने त्याच काळात समुद्री केबलच्या नव्या कंपन्या काढल्या. गंमत बघा, सगळ्या मार्गाची एकच कंपनी काढली नाही. इंग्लंड-जिब्राल्टर-माल्टाची एक, माल्टा-अलेक्झांड्रियाची दुसरी, सुएझ-एडन-मुंबईची ब्रिटिश इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी तिसरी. एक तुकडा फसला तर बाकीचे वाचावेत, हा हिशेब.

ग्रेट ईस्टर्न केबल भरून मुंबईला आलं. उन्हाने केबल तापू नये म्हणून जहाज पांढरं रंगवलं होतं. फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे केबल टाकायला सुरुवात झाली. जूनमध्ये इंग्लंडच्या पोर्थकर्नो किनाऱ्यापर्यंत साखळी पूर्ण झाली. २३ जून १८७० ला पेंडरने लंडनच्या घरी मोठा समारंभ ठेवला. पाहुण्यांसमोर भारतात संदेश गेले आणि काही मिनिटांत उत्तरं आली. तीन-चार आठवड्यांच्या जागी काही मिनिटं! आज मुंबईत वर्सोव्याला समुद्री फायबर केबल येतात आणि आपण त्यांच्यावरून रील बघतो. त्या रांगेतली ही पणजी म्हणा.

कंपनी मोठी कशी झाली, आणि टिकली कशी?

तुकडे चालतात हे सिद्ध झाल्यावर १८७२ मध्ये त्यांना जोडून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी झाली. भांडवल ३८ लाख पौंड. पुढच्या वर्षी पूर्वेकडच्या देशांसाठी ईस्टर्न एक्स्टेन्शन नावाची जोडकंपनी आली. आणि १८७३ मध्येच पेंडरने ग्लोब टेलिग्राफ अँड ट्रस्ट कंपनी काढली. ही केबल टाकत नव्हती. वेगवेगळ्या केबल कंपन्यांचे शेअर एकत्र ठेवायची. तुम्ही तिचा एक शेअर घेतला की थोडा थोडा वाटा सगळ्यांत. आजच्या म्युच्युअल फंडाचा चुलत आजोबा.

ईस्टर्न टिकली त्याची तीन कारणं मला दिसतात.

पहिलं, राखीव निधी. केबल जुनी होते, किडे आवरण खातात, नांगर अडकतात. दुरुस्तीची जहाजं कायम तयार लागतात. ईस्टर्नने सगळा नफा लाभांश म्हणून वाटून टाकला नाही, मोठा हिस्सा बाजूला ठेवला. भागधारकांना दरवर्षी थोडं, पण नेमाने मिळत गेलं.

दुसरं, आहे त्या तारेतून जास्त काम. १८७० च्या दशकात डुप्लेक्स पद्धत आली. एकाच तारेतून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश. नवीन केबल न टाकता क्षमता जवळजवळ दुप्पट. आज दोन्ही टोकांची यंत्रं बदलून त्याच फायबरचा वेग वाढवतात, ते तत्त्व हेच.

तिसरं कारण फारसं गोड नाही. मक्तेदारी. प्रतिस्पर्ध्यांशी करार करून उत्पन्न वाटून घेतलं आणि दर खाली येऊ दिले नाहीत. प्रशांत महासागरातून सरकारी केबल टाकायची मागणी आली, तिला पेंडर शेवटपर्यंत विरोध करत राहिला. गुंतवणूकदार खूश, ग्राहक नाराज. अशा नफ्यावर किती विसंबायचं हा प्रश्न तेव्हाही होता.

आणि एक खर्च ताळेबंदात कधी दिसलाच नाही. केबलवरचं गटापर्चाचं आवरण मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांतल्या झाडांच्या चिकापासून बनायचं. चीक काढायला झाड तोडायचे. शतक संपेपर्यंत कित्येक भागांतून ही झाडं जवळपास संपली. हे वाचताना मला गाव आठवलं. झरीचं नाव इतिहासात येतं ते २३ मे १९४५ च्या परिषदेमुळे. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या त्या परिषदेत वारली लोकांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. सावकार-जमीनदारांच्या वहीत गवत आणि लाकडाचा नफा होता, फुकट राबणाऱ्याचा रकाना नव्हता. कुठलाही नफा बघताना हा रकाना शोधायची सवय झरीच्या पोराला असायलाच हवी.

पेंडरला १८८८ मध्ये सर ही पदवी मिळाली. ७ जुलै १८९६ रोजी तो वारला, तेव्हा त्याच्या कंपन्यांच्या केबल युरोपपासून आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत पसरल्या होत्या.

मग हे साम्राज्य गेलं कुठे?

पेंडर गेल्यावर पाच वर्षांत मार्कोनीने बिनतारी संदेश अटलांटिकपार नेला. सुरुवातीला केबलवाल्यांना फार भीती वाटली नाही. पण १९२७ मध्ये बीम वायरलेस भारतात आली. त्याची केंद्रं आपल्या पुण्याजवळ होती, खडकीला पाठवायचं आणि दौंडला घ्यायचं. समुद्रात केबल टाकायची गरजच नाही, त्यामुळे दर कमी. केबलचे ग्राहक भराभर तिकडे गेले. शेवटी १९२९ मध्ये केबल आणि वायरलेसच्या कंपन्या एकत्र करण्यात आल्या, आणि १९३४ पासून तिचं नाव केबल अँड वायरलेस झालं. १९४७ मध्ये ब्रिटनने ती सरकारी केली. भारतातलं कामही त्याच वर्षी आपल्या सरकारने घेतलं. तीच पुढची विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल.

आज फायबरवाल्या कंपन्यांसमोर ५जी वर चालणारा वायरलेस ब्रॉडबँड आहे. चित्र तेच, फक्त नावं वेगळी.

आता दादाचा हिशेब

आता मी दादाच्या कागदाकडे परत आलो. त्याचा अंदाज असा: १५० कनेक्शन, महिन्याला ४०० रुपये. एका ग्राहकामागे येणाऱ्या या सरासरी उत्पन्नाला आर्पू म्हणतात. एकूण ६०,००० रुपये. वरून घेतलेलं इंटरनेट, पोरांचा पगार, वीज, बॅटरी, इतर देणी मिळून ४२,०००. उरले १८,०००. नऊ लाख वसूल व्हायला ५० महिने, म्हणजे चार वर्षं दोन महिने. वाईट नाही.

पण आमच्याकडे पावसाळ्यात झाडं पडतात, लाइन तुटते. समजा वैतागून ३० घरं सोडून गेली. याला चर्न म्हणतात. १२० कनेक्शन, ४८,००० रुपये. खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, ४२,०००. उरले ६,०००. आता वसुलीला १५० महिने, साडेबारा वर्षं! ग्राहक फक्त पाचवा हिस्सा कमी झाले, शिल्लक दोन तृतीयांश गेली. तोवर घराघरांतली यंत्रं एकदा तरी बदलावी लागतील, तो खर्च वेगळाच. दादाच्या कागदावर दुरुस्तीचा रकाना नव्हता.

मोठ्या, शेअरबाजारातल्या केबल-ब्रॉडबँड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडलात तरी हेच प्रश्न विचारा:

- टीव्हीचे ग्राहक किती कमी होतायत आणि ब्रॉडबँडचे किती वाढतायत?
- आर्पू वाढतोय की स्पर्धेमुळे घसरतोय?
- दरवर्षी कॅपेक्सवर किती जातं, आणि ते गेल्यावर हातात रोख उरते का?
- कर्ज किती, आणि व्याज नफ्याचा किती भाग खातं?
- नफा धंद्यातून आला की एखादी मालमत्ता विकून?
- घसाऱ्यासाठी, म्हणजे जुन्या होणाऱ्या यंत्रांसाठी, तरतूद पुरेशी आहे का?

शेअर स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका. या प्रश्नांची उत्तरं नीट असतील तरच पुढे जा. मी काही सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही. मोठी रक्कम असेल तर तसा माणूस गाठा.

माझं काय ठरलं? दादाला आणि मामीला ओट्यावर बसवून वरचे दोन्ही हिशेब समजावले. दादा पहिल्यांदा गप्प झाला, मग थोडा चिडला. मला घरच्या माणसावर भरवसा नाही, असं त्याला वाटलं. मग मामीनेच कागद हातात घेतला आणि ३० घरं सुटू नयेत म्हणून काय करता येईल ते विचारायला लागली. शेवटी तीनऐवजी एकाच पाड्यापासून सुरुवात करायचं ठरलं. मी ४ नाही, २ लाख दिले. त्यातले ५० हजार दोघांच्या नावाच्या वेगळ्या खात्यात आहेत, फक्त दुरुस्तीसाठी. दादाने लाइन झाडांपासून लांबच्या खांबांवरून न्यायचं कबूल केलंय. हा पाडा एक पावसाळा नीट चालला, तर दुसरा.

पेंडरनेही एक तुकडा चालल्यावरच पुढचे जोडले होते. जूनमध्ये पाऊस सुरू होईल. दिवाळीत पुन्हा घरी जाईन तेव्हा किती घरं राहिली, किती सुटली, आणि त्या ५० हजारातले किती उरले, हे इथेच लिहीन. आकडे वाईट आले तरी लिहीन.